तीन नंबरचं दार

नागझिऱ्याच्या जंगलाच्या गेटापासून दोन-अडीच किलोमीटरवर एक लॉज आहे. आठ कॉटेज, मधे जेवणाची उघडी पडवी, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागं आम्हा कामाच्या माणसांच्या खोल्या. तिथं मी आधी तीन वर्षं खोल्या लावायचं काम केलं. नंतर तेच काम एका मुलीला शिकवायला पुन्हा तिथंच गेले. हे त्या दुसऱ्या वेळेचं आहे.

माझं गाव पाचगणीच्या खालच्या अंगाला. आठवीच्या सहामाहीनंतर शाळा सुटली आणि मी एका हॉटेलात कपडे धुण्यावर लागले, तिथून खोल्यांवर. बहिणीचा नवरा नागझिऱ्याकडच्या या लॉजवर आचारी होता. खोल्यांच्या कामात हात बसलेली बाई पाहिजे, असा त्याचा निरोप आला म्हणून निघाले. दीड दिवसाचा प्रवास. पुढं तो दुसरीकडं गेला, मी राहिले. इथली बोली कानात बसायला वर्ष गेलं. मी तोंड उघडलं की स्वयंपाकघरात हशा ठरलेला.

फुलचूरला एक संस्था आहे. ज्या पोरापोरींना बुद्धीनं शिकायला वेळ लागतो, अशांना तिथं काम शिकवतात आणि मग पगाराच्या नोकरीला लावतात. ती चालवणाऱ्या मॅडम एकदा लॉजवर मुक्कामाला होत्या. मी पलंगाची चादर घालत होते, त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"हे किती दिवसांत शिकलात?"

"एका दिवसात. दुसऱ्या दिवशी चुकलं असतं तर घरी पाठवलं असतं."

"दुसऱ्या कुणाला शिकवाल का?"

मी लगेच सांगून टाकलं की माझं शिक्षण आठवीसुद्धा पुरं नाही, नंतर कळून फजिती नको. त्या म्हणाल्या, "मला तुमचा दाखला नको, तुमचे हात पाहिजेत." मला काही येतं आणि ते दुसऱ्याला देण्याजोगं आहे, असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. आजही त्यांचा फोन आला की मी उठून उभी राहते आणि मग बोलते.

मी लॉज सोडून त्यांच्या संस्थेत शिकवायला लागले. त्या वर्षी माझ्याकडं जी मुलगी दिली ती दवनीवाड्याची होती. वय बावीस. घरी धानाची शेती, आईबाप, एक भाऊ. वाचता यायचं नाही. घड्याळ कळायचं नाही. दहापर्यंत आकडे पक्के, पुढं गोंधळ. पण एकदा लावून दिलेला क्रम ती कधी विसरत नसे. आधी खिडकी म्हटलं की आधी खिडकी, मग जग इकडचं तिकडं होवो.

लॉजच्या मॅनेजरनं मॅडमना शब्द दिला होता. पावसाळ्यात जंगल बंद असतं, तेव्हा रिकाम्या खोल्यांत शिकवा. सीझन सुरू झाला की एक महिना तिला पगारावर बघतो. महिन्याच्या शेवटी ती एकटी आठही खोल्या करत असली, तर बाकीच्यांसारखं तिचं नाव हजेरीपटावर. बापानंही शब्द दिला होता, पण वेगळा. गाडीत बसवायला आलेल्या आईनं तो मला सांगितला.

"हिचे बाबा म्हणून राहिले, हा एकच सीझन. नाई जमलं तर मंग घरी. पुन्हा कोठं पाठवणार नाई. तुमी पाहाजा वो बाई."

पोरगी खिडकीतून बाहेर बघत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

शिकवणं म्हणजे काय, तर मी एका खोलीचं काम बारीक तुकड्यांत तोडलं. दार तीनदा वाजवायचं. 'खोली साफ करायची हाय जी' म्हणायचं. दहा मोजायचं. मग चावी. मग खिडकी, मग पलंग, मग बाथरूम, मग फरशी. एक नंबरची खोली झाली की दोन, दोनची झाली की तीन. नंबर सोडायचा नाही. हे मी मुद्दाम घातलं, कारण क्रम सुटला की ती हरवेल अशी मला भीती होती. चादरीचा कोपरा दुमडायला तिला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी तिनं घातलेला कोपरा माझ्यापेक्षा साफ होता.

रोज एक कागद भरायचा असायचा. प्रत्येक कामापुढं तीन रकाने: हात धरून केले, सांगून केले, स्वतः केले. दार वाजवण्यापुढं मी पहिल्या आठवड्यातच 'स्वतः केले'वर खूण केली, आणि त्यानंतर रोज तिथंच.

शिकवून झालं की हळूहळू बाजूला व्हायचं, हा संस्थेचा नियम. आधी शेजारी, मग दारात, मग पडवीत, मग स्वयंपाकघरात. मला हे जमायचं नाही. ती बाहेर पडली की मी मागून जाऊन उशी सरळ करायची. अंगण झाडणाऱ्या काकूंनी मला दोनदा पकडलं. जवळच्याच गावच्या, साठीला आलेल्या, आणि बोलायला फटकळ.

"कायले करून राहिली वो? तिचा पगार तुले भेटते का?"

त्यांनी ते मॅडमच्याही कानावर घातलं. मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही वाचवत राहिलात तर ती तुमच्याच नोकरीवर आहे, लॉजच्या नाही." मग मी दोन गोष्टी ठरवल्या. तिनं हाक मारल्याशिवाय जायचं नाही. आणि तिला बजावलं, "काम सोडून मला शोधत यायचं नाही. सगळं झाल्यावरच यायचं."

"हो जी."

सीझन सुरू झाला. पाहुणे पहाटे चहा घेऊन सफारीच्या जिप्सीत बसतात आणि दहाच्या सुमाराला परत येतात. तेवढ्या चार तासांत खोल्या लावायच्या, हीच तिथली रीत. म्हणजे आम्ही दार वाजवतो तेव्हा आत कुणी नसतंच. वाजवायचं ते आपलं पद्धत म्हणून. पहिले अठरा दिवस ती एकटी करत होती आणि मी स्वयंपाकघरामागं तांदूळ निवडत बसायची. साडेसातच्या आसपास चौथी खोली संपवून ती चहाला यायची. कप संपवून परत जायची. मॅनेजरनं एकदा जाता जाता म्हटलं, "काम तो साफ है लडकी का." हे वाक्य मी फोनवर मॅडमना दोनदा सांगितलं.

एकोणिसाव्या दिवशी ती चहाला आली नाही.

मी तांदूळ निवडत राहिले. आठ वाजले. एखादी खोली जास्त घाण असेल, असं मनाशी म्हटलं. साडेआठ झाले. तिचा चहा आचाऱ्यानं दोनदा गरम केला आणि तिसऱ्यांदा स्वतः पिऊन टाकला. "जाऊन पाहा ना," तो म्हणाला. मी म्हटलं, "नाही. हाक मारेल ती." मी उठले नाही. मी मधे पडते हा माझाच दोष, तो आज काढायचा, एवढंच डोक्यात. सव्वानऊला काकू झाडू घेऊन मागं आल्या.

"तुमची पोट्टी तीन नंबरपाशी उभी हाय. कवाची."

तीन नंबरच्या कॉटेजसमोर ती उभी होती. बादली डाव्या हाताला, फडकं खांद्यावर, नजर दारावर. बादलीतलं पाणी जसंच्या तसं.

"काय गं, काय झालं?"

"आतमधी म्हातारे बाबा हायेत."

"मग?"

"थोडी देर बाद आना म्हणले."

"कधी म्हणाले?"

"मंगाशी." मग तिनंच सांगितलं, "मी दहा मोजलं. मंग अजून मोजलं. लय खेपा मोजलं."

रायपूरकडचं कुटुंब होतं. बाकीचे सफारीला गेले, आजोबांचा गुडघा दुखत होता म्हणून ते मागं राहिले. तिनं दार वाजवलं, त्यांनी पांघरुणातूनच सांगितलं आणि ते झोपून गेले. आता आमचं बोलणं ऐकून ते दार उघडून बाहेर आले आणि बादलीकडं बघत म्हणाले, "बेटा, तुम यहीं खडी थी?"

तिच्या बाजूनं सगळं बरोबर होतं. नंबर सोडायचा नाही. काम सोडून मला शोधायला यायचं नाही. आत माणूस आहे म्हणून चावी लावता येत नाही. मग उरलं काय? उभं राहणं. ते तिनं केलं होतं, दोन-अडीच तास, भिंतीला न टेकता.

चौकीदारानं फाटक उघडल्याचा आवाज आला. जिप्सी परत येत होत्या आणि सहा खोल्या तशाच पडल्या होत्या. मी, काकू आणि ती, तिघी पळालो. मी चादर ओढली तर ती माझ्या हातातून काढून घेऊन म्हणाली, "आधी खिडकी." त्या गडबडीत मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पण चादर परत हिसकावली, हे खरं आहे. पाहुणे पडवीत धुळीच्या टोप्या काढून बसले, कुणी घड्याळ बघत, कुणी बाथरूम कुठं आहे विचारत. मॅनेजर माझ्यापाशी आला तेव्हा आवाज खाली होता, ते जास्त वाईट.

"आप ही को करना है तो उसका क्या काम? मॅडम को बुलाओ. मेरेको सीझन में लफडा नहीं चाहिए."

रात्री झोपताना ती म्हणाली, "बाबा म्हणतीन, चाल घरी." मग कुशीवर वळली आणि तिला झोप लागली. मला लागली नाही. तिच्याबरोबर माझंही काम जाईल, असं मला वाटत होतं, आणि कोणाचं जाण्याची जास्त भीती वाटतेय, ते नीट वेगळं करता येत नव्हतं.

सोमवारी मॅडम आल्या. मी सगळे कागद त्यांच्यापुढं ठेवले आणि सांगितलं, "दार वाजवण्यापुढच्या या खुणा खोट्या आहेत. म्हणजे मी खोटं लिहिलं नाही, ती वाजवत होती. पण पूर्ण पावसाळाभर मी एकदासुद्धा आतून ओ दिली नाही. कुणी ओ दिली तर काय करायचं, ते तिला माहीतच नाही." मला वाटलं होतं, त्या काहीतरी लांबलचक बोलतील. त्यांनी कागद परत जुळवले.

"मग आता द्या ओ."

मॅनेजरकडं त्या अर्धा तास बसल्या. बाहेर आल्या तेव्हा बारा दिवस मिळाले होते. "महिना पुरा होने दो," तो म्हणाला होता. "पर एक बार और हुआ, तो फिर मेरेको मत बोलना."

आठ नंबरच्या कॉटेजचा नळ गळत होता म्हणून ते बंद होतं. दुपारी पाहुणे दुसऱ्या सफारीला गेले की आम्ही तिथं जायचो. मी आत, ती बाहेर. ठरवलं होतं इतकंच: आतून माणसाचा आवाज आला, तर 'बरं जी' म्हणायचं आणि पुढच्या नंबरला जायचं. सगळे नंबर झाले की मागं राहिलेल्याकडं परत यायचं. पण नंबर सोडणं तिला पटत नव्हतं. 'बरं जी' म्हणायची आणि तिथंच उभी राहायची. मीच तिला तसं घडवलं होतं, आता मीच मोडत होते, आणि ती माझ्याकडं संशयानं बघत होती.

तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "तुमचा आवाज तिच्या ओळखीचा हाय. तिले मालूम, आतमधी तुमीच बसून हा. हटा." आणि स्वतः आत जाऊन गादीवर आडव्या झाल्या. बाहेरून तीन टकटक.

"खोली साफ करायची हाय जी."

"कोन हाय वो?" काकूंनी आतून साहेबिणीचा आवाज काढला. "मी आंघोळ करून राहिली! माहा चाय आन आधी!"

"चाय आचारी देते," ती म्हणाली. "मी देत नाई."

"मंग काऊन आली?"

"बरं जी," ती म्हणाली आणि बादली उचलून चालायला लागली. मी पडवीतून बघत होते. आठच्या पुढं नंबर नाही, म्हणून ती तिथून निघाली ती थेट एक नंबरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. काकू आतून ओरडत होत्या, "गेली का? अजून हाय का? मी उठू का आता?" आचारी हसून हसून पायरीवर बसला.

मग आचाऱ्यानंही हौस भागवून घेतली. कधी घोरायचा, कधी हिंदीत दरडावायचा, कधी लहान पोराच्या आवाजात 'मम्मी नहीं है' म्हणायचा. दहा-वीस तऱ्हा झाल्या. ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची आणि पुढं जायची. अडचण उरली ती परतायची. मागं कोणती खोली राहिली, ते तिच्या ध्यानात राहत नव्हतं. मी बादलीला रंगीत चिमटे लावून पाहिले, पाटीवर आकडे लिहून पाहिले. ती चिमटे काढून दोरीवरच्या टॉवेलांना लावायची, कारण चिमटे टॉवेलांचे असतात.

महिना संपायला चार दिवस होते. सकाळी मी मागंच बसले होते. साडेसातला ती चहाला आली. कप ठेवून जाताना मी विचारलं, "सगळं ठीक?" तर म्हणाली, "दोनचं पाणी राह्यलं." मी म्हटलं, "मग भरून घे ना बादली." तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच काहीतरी न कळणारं बोलले, आणि निघून गेली.

थोड्या वेळानं मॅनेजरचा आवाज आला. "ये टहनी किसने खोसी गमले में?"

आता संपलं, असं वाटून मी पुढं गेले. दोन नंबरच्या पायरीशी जी कुंडी होती, तिच्यात कुंपणाची एक हिरवी फांदी खोचलेली होती. पाच नंबरच्या कुंडीतही एक. ती सहा नंबरमधून फडकं घेऊन बाहेर आली.

"मी खोसली."

"क्यों?"

"पाणी राह्यलं."

मी घाईघाईनं सांगायला लागले की साहेब, तिला असं म्हणायचं नसेल, मी समजावते. मॅनेजर माझ्याकडं बघतच नव्हता. तो फांदीकडं बघत होता. मग हसला. त्या महिन्याभरात मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं.

"आपको नहीं मालूम? आप पहाडवाले हो. अरे, हमारे यहां भी बांधी में पानी फिराते हैं ना, तो जिस बांधी का बाकी है उसकी पाळ पे आदमी टहनी खोस देता है. दुसरा आदमी आया तो देख के समझ जाता है, इसका बाकी है." त्याच्या घरीही धानाची जमीन होती, हे मला तेव्हा कळलं. काकू झाडू टेकून म्हणाल्या, "मले तं सकाळीच समजलं होतं. मी कायले सांगू? कोनी विचारलं का?"

बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, एवढं मला माहीत होतं. आमच्याकडं पाणी डोंगरावरून आपसूक उतरतं, ते कुणी तुकड्या-तुकड्यानं फिरवत बसत नाही. ती लहानपणापासून बापाच्या मागं पाळीवरून, म्हणजे बांधावरून, फिरली होती. मी चार महिने तिला काय येत नाही त्याचे कागद भरले. पाणी फिरवता येतं का, असा त्यात रकानाच नव्हता.

दहाच्या आत ती दोन नंबरला परत गेली, खोली केली, फांदी उपटून कुंपणापलीकडं टाकली. मग पाच नंबर. उरलेल्या चार दिवसांत कुंड्यांमध्ये फांद्या कधी दिसल्या, कधी नाही. एकदा तीन खोल्यांतले पाहुणे सफारीला न जाता झोपून राहिले आणि तीन फांद्या लागल्या. मॅनेजरनं माळ्याला सांगितलं, कुंपण थोडं दाट वाढू दे.

महिना भरला त्या दिवशी मला बोलावणं आलं नाही. तिला आलं. ती ऑफिसातून बाहेर आली तेव्हा अंगठ्याला निळी शाई होती आणि ती तो साबणानं घासत नळापाशी उभी राहिली. मी विचारलं, काय म्हणाले? "उद्या ये म्हणले," ती म्हणाली. एवढंच. हजेरीपटावर नाव चढल्याचं मला मॅडमच्या फोनवरून कळलं. मी उभी राहूनच ऐकलं आणि 'बरं मॅडम' म्हटलं. त्या एकोणिसाव्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते, तरी त्यांनी मला कामावरून काढलं नाही, याबद्दल मी अजून त्यांचे नीट आभार मानलेले नाहीत.

दोन दिवसांनी मी फुलचूरला परतले. दुसरा एक मुलगा होता, त्याला पोह्याच्या पाकिटांचं काम शिकवायचं होतं. पहिले दहा दिवस फोन वाजला की तो लॉजचा आहे का, ते मी आधी बघायची. अकराव्या दिवशी लॉजच्या मॅनेजरचाच आला.

"वो आपकी लडकी," तो म्हणाला, आणि मी खाली बसले. "भाई की शादी है, चार दिन की छुट्टी मांग रही है. सीझन में चार दिन कैसे दूं? आप समझाओ उसको."

मी म्हटलं, "साहेब, ती तुमच्याकडं कामाला आहे. तुम्हीच बोला तिच्याशी."

"मेरी नहीं सुनती."

"मग माझी कशी ऐकेल?"

तो काहीतरी पुटपुटला आणि त्यानं फोन ठेवला. नंतर काकूंकडून कळलं की दोघांचं ऑफिसच्या दारात चांगलंच वाजलं. तो दोन म्हणाला, ती चार म्हणाली, तो तीन म्हणाला, ती 'हळद हाय ना जी' म्हणाली. शेवटी तीन झाले. ती दवनीवाड्याला गेली, भावाचं लग्न उरकलं, आणि चौथ्या दिवशी सकाळच्या जिप्सी निघायच्या आत येऊन एक नंबरच्या दाराशी उभी होती. हाताची मेंदी जाईपर्यंत तिनं बाथरूम हातमोजे घालून धुतले, अशी काकूंची तक्रार आहे.